कुंपणाला टेकून खुराडं नको

प्रश्न : जुळे सोलापुरात आमचं बैठं घर आहे. पश्चिमेच्या हद्दीवर शेजाऱ्यांनी पाच फुटी लाकडी फळ्यांचं कुंपण घातलंय. सहा गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा पाळायचा आहे. खुराड्यापुढच्या आवाराची जाळी थेट कुंपणालाच ठोकली तर एका बाजूचा खर्च वाचेल, दुपारची सावलीही मिळेल, असं मिस्त्री म्हणतात. चालेल का?
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, नका ठोकू. हीच चूक मी होटगी रोडच्या घरी केली होती. बाभळीच्या फळ्यांचं कुंपण होतं, त्याला चार बोटं सोडून जाळी उभी केली. त्या चार बोटांत ना हात जायचा, ना झाडू. कोंबड्यांनी उकरलेली माती, विष्ठा, भुसा सगळं तिथं साचत गेलं. सप्टेंबरचा पाऊस झाला आणि खालची फळी कुजली. मग तिथूनच घुशीनं बीळ पाडलं. एका रात्रीत नऊ पिल्लं गेली. सकाळी डालगं उचललं तेव्हा कोंबडी एकटीच बसलेली होती. ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून कुंपण आणि जाळी यांच्यात तीन फुटांची गल्ली सोडा. माणूस झाडू घेऊन बसू शकेल, एवढी जागा हवीच. फळीचा तळ कोरडा राहील आणि बीळ पडलं तर त्याच दिवशी दिसेल. शिवाय मांजर कुंपणावर चढून सरळ जाळीच्या छतावर उतरतं, तेही अवघड होईल.

आता वाळवीचं. आपल्या भागात जमिनीला टेकलेलं लाकूड वाळवी सोडत नाही. शेजाऱ्यांनी उद्या फळ्यांच्या बुडाशी वाळवीचं औषध ओतलं आणि कोंबड्या तिथंच माती उकरत असल्या तर? कोंबडी वाळवी आवडीनं टिपते, औषधानं मेलेलीही. विष तिच्या पोटात जाईल आणि अंड्यांतूनही घरात येईल. आपल्याकडे लाकडाला जळकं ऑइल फासायचीही पद्धत आहे. चोच मारता येईल अशा फळीला तेही नको. कुंपण त्यांचं आहे, त्याला औषध लावायचा हक्क त्यांचाच. आपली कोंबडी तिथवर पोचू नये, हे आपण बघायचं. आधी त्यांना भेटून सांगा. कोंबडा पहाटे आरवणार, तेही बोलून घ्या. महापालिकेचा काही नियम आड येतो का, एवढं विचारून ठेवा.

सावलीबद्दल मिस्त्रींचं म्हणणं अर्धंच खरं आहे. सोलापुरात मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली पडत नाही. पाच फुटी कुंपणाची सावली पाच फूट व्हायला साडेतीन वाजतात. खरं ऊन बारा ते तीन. पारा चाळिशीच्या वर असताना कोंबडी चोच उघडी टाकून धापा टाकते, तिला घाम येत नाही. तेव्हा कुंपण कामाचं नाही, वरचं छत कामाचं. निम्म्या आवारावर कडब्याच्या पेंढ्या किंवा हिरवी शेडनेट टाका. नुसता पत्रा नको, पत्र्याखाली भट्टी होते. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा म्हणजे लांब बाजूंनी ऊन आत शिरणार नाही. पाण्याचं मातीचं भांडं सावलीत ठेवा आणि दुपारी एकदा बदला.

सात पक्ष्यांना दहा बाय सहा फुटांचं आवार पुरतं. बाजारातली षटकोनी कोंबडीजाळी पातळ असते, कुत्र्याच्या दातांपुढं टिकत नाही. खालचे दोन फूट तरी अर्धा इंची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्डिंगनं जोडलेली चौकोनी जाळी, लावा. बुडाशी शहाबादी फरशीचे तुकडे फूटभर खोल उभे गाडा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या भेगेतून घुशीला आयती वाट मिळते. मुंगूस तर भरदिवसा येतं, म्हणून दुपारीही दार उघडं टाकू नका. गल्लीत काही पेरू नका, अडगळही ठेवू नका.

जागा कमी पडत असेल तर आवार आठ फुटांचं करा, एक-दोन कोंबड्या कमी ठेवा. गल्ली मात्र तीन फुटांचीच राहू द्या.