गोबी तत्सम, गजन तद्भव

‘गोबी जातीचे मासे तळाच्या वाळूत पडून असतात, म्हणून त्यांचे नाव गोबी वाळवंटावरून पडले, की त्याचा फुलगोबीशी काही संबंध आहे?’ अशी पृच्छा आली आहे. वाळवंटाचा हा तर्क इतक्यांदा कानावर आला आहे की आता तो खोडून काढण्याचाही कंटाळा येतो. वाळवंटाचे नाव मंगोलियन, आपला कोबी पोर्तुगीजांकडून आलेला आणि माशाचे नाव मूळ ग्रीक. उच्चार जुळला, एवढेच.

ग्रीक ‘कोबिओस’ लॅटिनमध्ये ‘गोबिउस’ किंवा ‘गोबिओ’ झाला. ‘क’चा ‘ग’ कसा झाला, असे ज्यांना वाटेल त्यांनी सुकाणू धरणे या अर्थाच्या ग्रीक ‘कुबेर्नान’चे लॅटिनमध्ये ‘गुबेर्नारे’ झाले आणि त्यातूनच पुढे गव्हर्नर निघाला, हे आठवावे. खरी गंमत त्यापुढे आहे. ‘गोबिओ’चे ‘गोबिओनेम’ हे रूप लोकांच्या तोंडी झिजत गेले, ‘बि’मधल्या इकाराचा आधी ‘य’ आणि मग ‘ज’ झाला, ‘ब’ गळाला, आणि फ्रेंचमध्ये ‘गुजों’ व त्यावरून इंग्रजीत ‘गजन’ हे माशाचे नाव तयार झाले. ‘रेबीज’ आणि संताप या अर्थाचा ‘रेज’ हीदेखील अशीच एका लॅटिन शब्दाची दोन रूपे आहेत, आणि ‘अद्य’चा ‘अज्ज’ होऊन ‘आज’ झाला तेव्हा आपल्याकडेही याच जातीची घडामोड झाली होती. गजन पंधराव्या शतकातच इंग्रजीत रुळला होता. गोबी मात्र अठराव्या शतकात विद्वानांनी लॅटिनमधून थेट उचलला. आपल्या परिभाषेत, गोबी तत्सम आणि गजन तद्भव.

यावरून काही कोशकार दोन्ही मासे एकच समजतात, ते मात्र मासा न पाहता केलेले कोशकार्य होय. गोबीचे पोटाखालचे पर जोडले जाऊन त्यांची चोषक वाटी होते आणि तिने तो दगडाला चिकटतो. गजन हा कार्पच्या कुळातला, ओठांच्या कडांना एकेक मिशी असलेला गोड्या पाण्यातला मासा. त्यातच प्राण्यांना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनीअस या निसर्गशास्त्रज्ञाने १७५८ साली रुंद, चपट्या डोक्याच्या तिसऱ्याच कुळातील माशाला ‘कॉट्टस गोबिओ’ म्हटले. माझे मत असे की ‘गोबिओ’ हे मुळात एका जातीचे नाव नव्हतेच. तळाशी पोट टेकून बसणाऱ्या, फारशी किंमत नसलेल्या कोणत्याही चिमुकल्या माशाला ते चालत असावे. रोमन कवी जुवेनालही खिशात गोबिओपुरतेच पैसे असताना महागड्या मुल्लुस माशाची हाव धरू नये, असे बजावतो, ते त्याच्या हलक्या किमतीमुळेच.

इंजिनात पिस्टनला जोडदांड्याशी जोडणाऱ्या ‘गजन पिन’ला माशाचे नाव चिकटवणाऱ्यांनी कृपया थांबावे. तो गजन गोल पात्याच्या पटाशीला फ्रेंचमध्ये जो ‘गूज’ शब्द आहे, त्याचे लघुत्वदर्शक रूप आहे.