अँटीव्हायरसचे पैसे वाचवा, भाऊ

तुमचा प्रश्न असा: परभणीत माजी सैनिकांनी चालवलेलं भरतीपूर्व प्रशिक्षण केंद्र, 20 अँड्रॉइड टॅब, त्यांवर नेमबाजी सिम्युलेटरचे गुण आणि पोरांच्या धावण्याच्या नोंदी, कोणता अँटीव्हायरस टाकू? मी सिग्नल्समधून, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन विभागातून निवृत्त झालो, आता जालन्याकडं अशाच दोन केंद्रांचे टॅब बघतो. अँटीव्हायरस नकोच. तुमच्या टॅबना व्हायरसपेक्षा आत साठवलेल्या माहितीचा आणि पोरांच्या उचापतींचा धोका जास्त.

आधी टॅबमध्ये काय ठेवायचं नाही, ते ठरवा. स्ट्राव्हा या धावण्याच्या ॲपनं नोव्हेंबर 2017 मध्ये जगभरच्या वापरकर्त्यांच्या हालचालींचा नकाशा प्रसिद्ध केला. कुणी काही हॅक केलं नव्हतं. पण वाळवंटात, जिथं दुसरं कुणी पळतच नाही, तिथं लष्करी तळांच्या कुंपणालगत धावणाऱ्या सैनिकांच्या रेषा ठळक उमटल्या, आणि जानेवारी 2018 मध्ये एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या ते लक्षात आलं. आपल्या लष्करानंही जुलै 2020 मध्ये जवानांना 89 ॲप काढून टाकायला सांगितली, त्यात फेसबुकही होतं. तुमची पोरं उद्या युनिटात जाणार, इथली सवय सोबत नेणार. 1600 मीटर मैदानावरच पळायचेत ना? मग स्टॉपवॉच घ्या, लोकेशन बंद. आधार आणि वैद्यकीय कागदांचे फोटो टॅबवर नकोतच.

आता कुलूप. साधं ॲप-लॉक पोरं दुपारच्या सुट्टीत उघडतात. टॅब पूर्ण रिसेट करा, स्वागताच्या पडद्यावर एकाच जागी सहा वेळा टिचकी मारा. क्यूआर स्कॅनर उघडतो. तुमच्या व्यवस्थापन सॉफ्टवेअरचा (सगळे टॅब एकाच जागेवरून ताब्यात ठेवणाऱ्या प्रणालीचा) कोड तिथं दाखवला की टॅब केंद्राच्या मालकीचा होतो. मग फक्त सिम्युलेटरचं ॲप दिसेल असं बांधून टाका, बाहेरची ॲप आणि यूएसबीवरून फाइल नेणं बंद करा. गुगल खातं आधीच जोडलं असेल तर हे जमत नाही, म्हणून रिसेट.

यात मी एकदा फसलो. सेटिंगमधला रिसेट बंद केला आणि निर्धास्त झालो. एका पोरानं बटणं दाबून रिकव्हरीतून (टॅब चालू होताना उघडणाऱ्या दुरुस्तीच्या मेन्यूतून) टॅब कोरा केला, वर सिनेमेही भरले! तेव्हापासून रिसेटनंतर केंद्राचंच खातं मागेल अशी सोय करून ठेवतो. नवे टॅब घेणार असाल तर झीरो-टचची, म्हणजे टॅब आधीच केंद्राच्या नावावर नोंदवून देण्याची सोय असलेल्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. कोरा केला तरी इंटरनेट मिळताच टॅब पुन्हा तुमच्या ताब्यात येतो.

पिन प्रत्येकाचा वेगळा. सगळ्यांना 1234 दिलात तर कुणाचे गुण कुणी बदलले हे शोधत बसाल. नोंदी वर्गातल्या लॅपटॉपवर घ्या, टॅबना सिमची गरज नाही. चार्जिंग आपल्याच चार्जरवर, कुणाच्या लॅपटॉपला लावून नको. लाइट गेली की पोरं नेमकं तेच करतात. आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत टॅब ठेवू नका, बॅटरी फुगते.

सेटिंगमध्ये अँड्रॉइड आवृत्तीखाली सुरक्षा पॅचची (कंपनी पाठवते त्या सुरक्षा दुरुस्तीची) तारीख दिसते. ती आणि मॉडेल इथं टाका. पॅच दोन-तीन वर्षं जुना असेल आणि कंपनी नवा देत नसेल, तर ते टॅब नेटपासून तोडूनच वापरावे लागतील.