सांस्कृतिक संस्थेत निधी उभारणीची जबाबदारी आली आहे. सुरुवात कुठून करू?

आधी जुनी पावतीपुस्तकं काढून बसा. नवे देणगीदार शोधण्यापूर्वी, एकदा पैसे देऊन नंतर गप्प झालेल्यांना फोन करा. पहिल्याच फोनवर मागू मात्र नका. त्यांच्या पैशातून काय झालं तेवढं सांगा. बहुतेकांची तक्रार एकच असते: ‘पावती आली, पुढे काही कळलंच नाही.’

महोत्सवाला प्रायोजक मिळतो, वीजबिलाला आणि पगाराला कुणी मिळत नाही. म्हणून प्रत्येक प्रस्तावात कार्यालयीन खर्चाचा वाटा आधीच धरा. मागाहून मागितलात की समोरच्याचं तोंड वाकडं होतं.

छोट्या रकमांना हसू नका. १८८५ साली न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा चौथरा पैशांअभावी अडला होता. जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या वृत्तपत्रातून आवाहन करून एक लाखाहून जास्त डॉलर जमवले. बहुतेकांची देणगी एका डॉलरपेक्षाही कमी होती, पण देणाऱ्यांची नावं छापली जात होती. खरी युक्ती तीच!

आणि हो, विश्वस्तांना आधी स्वतःच्या खिशात हात घालायला सांगा. मी संकोचापोटी हे टाळलं होतं. मग पहिल्याच मोठ्या देणगीदाराने विचारलं, ‘तुमच्या मंडळाने किती दिले?’