सगळंच पिवळ्या पिशवीत टाकलं तर?

प्रश्न : ताई, मी तालुक्याच्या गावी २० बेडच्या हॉस्पिटलात सिस्टर आहे. आमचे सर म्हणतात सगळाच कचरा पिवळ्या पिशवीत टाका, कसंही जाळूनच टाकतात, उगाच डोक्याला ताप नको. हे बरोबर आहे का?

उत्तर : अगं नाही, उलट हाच सगळ्यात मोठा घोळ आहे. पिवळी पिशवी भट्टीत जाते, म्हणजे रक्ताने भिजलेला कॉटन, बँडेज, शरीराचे भाग, एक्स्पायरी झालेली औषधं असंच काही तिच्यात हवं, आणि त्यात सलाईनच्या नळ्या, कॅथेटर (लघवीसाठी घालतात ती नळी), ग्लोव्हज टाकले की त्यातलं पीव्हीसी प्लास्टिक जळून डायॉक्सिनसारखे विषारी वायू होतात आणि जे प्लास्टिक परत वापरात आलं असतं तेही गेलं. म्हणून ते लाल पिशवीत, तिथून ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने जंतू मारणारं यंत्र), मग श्रेडर (तुकडे करणारं यंत्र), मग रिसायकलिंग. दवाखान्याच्या कचऱ्याच्या २०१६ च्या नियमातही हेच आहे. नीडल मात्र लाल पिशवीत चुकूनही नको, टोपण परत न लावता कटरने कापून पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात. काचेच्या बाटल्या, व्हायल (इंजेक्शनच्या औषधाच्या छोट्या बाटल्या) निळ्या डब्यात. आणि सलाईनची नळी कापूनच टाका हं, अख्खी गेली तर भंगारवाल्याकडून धुऊन परत विकली जायची भीती असते.

बाकी नातेवाईकांचे डबे, चिवड्याची पाकिटं, औषधांची खोकी हा साधा कचरा, तो रंगीत पिशव्यांत नकोच. जागतिक आरोग्य संघटना सांगते की हॉस्पिटलचा साधारण ८५ टक्के कचरा असाच बिनधोक असतो, पण त्यात एक रक्ताळलेलं बँडेज पडलं की सगळाच घाण झाला. तेव्हा आधी वॉर्डातल्या मामा-मावशींना शिकवा. पोस्टर लावून कोणी शिकत नाही, माझा अनुभव आहे, ड्रेसिंग ट्रॉलीलाच पिशव्या अडकवा म्हणजे हात आपोआप बरोबर जातो. आणि रक्ताळलेला कचरा, शरीराचे भाग असा माल ४८ तासांच्या वर साठवायचा नाही, तो न्यायची गाडी आली नाही तर लगेच फोन करा. सरांना हेही सांगा.

प्रश्न : आई घरी इन्सुलिन घेते, सुया कचऱ्याच्या डब्यात टाकतो, चालेल ना?

उत्तर : नको हो, घंटागाडीवाल्या माणसाच्या हातात घुसते ती. जाड प्लास्टिकच्या रिकाम्या बाटलीत साठवा, झाकण घट्ट लावा, वर सुया असं लिहा. घेतात का ते आधी जवळच्या दवाखान्यात किंवा पालिकेत विचारा.