भरीत पार्टी आणि माळकरी

प्रश्न: मी माळकरी, जळगावला नोकरीला आहे. हिवाळ्यात ऑफिसवाले शेतात भरीत पार्टी करतात, पण सोबत चिकनही शिजतं. मला ते पटत नाही, जाऊ का नको? – एक वाचक, भुसावळ

उत्तर: जा की! फक्त जो पार्टी ठरवतोय त्याला आधीच सांगून ठेवा, भाऊ माझं भरीत वेगळ्या भांड्यात काढ, यात लाजायचं काय. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला तुम्हीच बसा, धूर लागतो पण खऱ्या गप्पा तिथंच रंगतात. मात्र दुसऱ्याच्या ताटात बघून तोंड वाकडं करायचं नाही, प्रवचन तर नकोच (ते कीर्तनात बरं). संविधानातलं कलम 25 (आपापला धर्म पाळायचं स्वातंत्र्य) तुमच्या माळेला जेवढं लागू तेवढंच सोबतच्याच्या नमाजलाही. कोणी मुद्दाम "एक पीस घे ना" केलं तर हसून नाही म्हणा, परत केलं तर स्पष्ट सांगा. एकादशीला ठेवली असेल तर तारीखच बदलायला लावा.