संकट टळल्यावर मुसलमान काय करतात? नज्र, शुकराना आणि नंतरचे दिवस

तुम्ही विचारले आहे की एका मुस्लिम सहकाऱ्याच्या पत्नीची अवघड शस्त्रक्रिया नुकतीच सुखरूप पार पडली. आपल्याकडे अशा वेळी बोललेला नवस फेडतात किंवा सत्यनारायण घालतात, तर इस्लाममध्ये काय करतात आणि आपण त्यांना काय म्हणावे. मी बडोद्याचा, मुसलमान. आजोबा गायकवाडी नोकरीच्या निमित्ताने साताऱ्याकडून इथे आले आणि घरात मराठी टिकली, त्यामुळे नवस आणि नज्र हे दोन्ही शब्द लहानपणापासून ऐकत आलो आहे. मी आलिम, म्हणजे धर्मशास्त्राचा जाणकार, नाही. घरात जे पाहिले आणि पुढे जे वाचले, त्याच्या आधाराने लिहितो.

नज्र म्हणजे बव्हंशी आपला नवसच: अमुक झाले तर मी अल्लाहसाठी तमुक रोजे ठेवीन, इतक्या गरिबांना जेवू घालीन. कुराणाच्या ७६व्या सूरहमध्ये (अध्यायात) नज्र पुरी करणाऱ्यांची स्तुती आहे आणि इबादतीची (उपासनेची) नज्र एकदा तोंडातून गेली की ती पुरी करावीच लागते. तरीही पैगंबरसाहेबांनी अशा अटीच्या नवसापासून लोकांना परावृत्तच केले. नज्रमुळे होणारे काही टळत नाही, तिच्यामुळे फक्त कंजूष माणसाच्या हातून काहीतरी सुटते, अशा अर्थाची हदीस, म्हणजे पैगंबरसाहेबांचे वचन, ‘बुखारी’ आणि ‘मुस्लिम’ या दोन्ही हदीस-संग्रहांत आहे. मला ती पहिल्यांदा वाचताना हसू आले होते, कारण अशी कंजूष माणसे आमच्या नात्यात पुष्कळ आहेत आणि त्यांच्यात मीही मोडतो.

नवसातली खरी अडचण अशी की तो फेडला की माणसाला मोकळे झाल्यासारखे वाटते, आणि कुराणाला नेमके त्याच मोकळेपणाचे भय वाटते. दहाव्या सूरहच्या बाराव्या आयतीचा (वचनाचा) आशय असा आहे की माणसावर संकट आले की तो आडवा पडलेला असो, बसलेला असो वा उभा असो, आम्हाला हाक मारतो, आणि आम्ही संकट दूर केले की असा निघून जातो, जणू त्याने आम्हाला कधी हाक मारलीच नव्हती. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण आपण माणसांच्या संदर्भात वापरतो. इथे ती थेट देवाच्या बाबतीत लागू होते. याच्या उलट बाजूने दुसऱ्या सूरहच्या २३९व्या आयतीत म्हटले आहे की भीतीच्या प्रसंगी चालता चालता किंवा स्वारीवर बसूनही नमाज पढा, पण सुरक्षित झालात की अल्लाहचे स्मरण त्याने शिकवले तसे करा. म्हणजे संकटात सवलत आहे आणि पूर्ण स्मरणाची अपेक्षा संकट सरल्यावर आहे. आपली सवय याच्या बरोबर उलटी असते.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी आमच्या सोसायटीत शिरले, तेव्हा हे मला पुस्तकाबाहेर कळले. अब्बांना हृदयविकार आहे आणि आमचे घर तळमजल्यावर. वीज गेलेली, पाणी गुडघ्यापर्यंत आलेले, अशा स्थितीत शेजारच्या दोन मुलांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे नेले. त्या रात्री काकूंनी सत्यनारायण बोलला, अम्मीने तीन रोज्यांची नज्र केली, आणि मी मनात म्हटले की यातून अब्बा सुखरूप निघाले तर फज्रची (पहाटेची) नमाज यापुढे मशिदीतच पढेन. पाणी ओसरल्यावर लोक खाली उतरायला धजत नव्हते, कारण आमच्या शहरात पुरामागे मगरीची धास्ती उरतेच. अम्मी मात्र गच्चीवर गेली. तिची जानमाज (नमाजेची चटई) खाली चिखलात गेली होती, म्हणून तिने काकूंची जुनी सोलापुरी चादर दुहेरी घडी करून अंथरली आणि शुकरान्याची, म्हणजे आभाराची, दोन रकात (आवर्तनांची) नफ्ल, ऐच्छिक नमाज पढली. सजद्यातून, कपाळ जमिनीला टेकलेल्या स्थितीतून, ती फार वेळ उठली नाही. उठल्यावर आधी जिना उतरून त्या दोन मुलांच्या घरी गेली, कारण जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही मानत नाही, ही हदीस तिला तोंडपाठ आहे.

शुकरान्याचा सजदा म्हटले की मला पैगंबरसाहेबांचे साथीदार कअब बिन मालिक आठवतात. हिजरी सन ९ मधल्या तबूकच्या लष्करी मोहिमेला ते काही कारण नसताना गेले नाहीत आणि परत आलेल्या पैगंबरसाहेबांसमोर त्यांनी सबबही सांगितली नाही, खरे तेच सांगितले. शिक्षा म्हणून त्यांच्याशी आणि आणखी दोघांशी मदिनेत पन्नास दिवस कोणी बोलले नाही. पन्नासाव्या पहाटे घराच्या धाब्यावर नमाज पढून ते बसले असताना सलअच्या डोंगरावरून कोणीतरी ओरडून माफी मिळाल्याची खूशखबर दिली, आणि कअब तिथेच सजद्यात गेले. बातमी घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी अंगावरचे दोन्ही कपडे दिले. दुसरे नव्हते, म्हणून पैगंबरसाहेबांकडे जाताना उसने आणून घातले. सगळी मालमत्ता दान करायची त्यांची इच्छा होती, पण काही स्वतःकडे ठेव, तेच तुझ्या हिताचे, असे त्यांना सांगण्यात आले. मग त्यांनी निश्चय केला की सचोटीने वाचलो आहे, तर जिवंत असेपर्यंत खरेच बोलेन. त्यांचे आभार असे आयुष्यभर चालू राहिले. असा नुसता, नमाजेबाहेरचा सजदा इमाम अबू हनीफा यांना पसंत नव्हता; त्यांचे शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद यांनी तो योग्य मानला आणि शाफई व हंबली पंथांत तो सुन्नत, म्हणजे पैगंबरसाहेबांची अनुकरणीय रीत, आहे. आमच्याकडे बहुतेक सगळे हनफी, म्हणजे अबू हनीफांच्या पंथाचे, म्हणून अम्मीसारखे पुष्कळ लोक दोन रकात पढतात आणि वादात पडत नाहीत.

संकट टळतच नाही तेव्हा काय, असेही कोणी विचारेल. पैगंबरसाहेबांची कन्या फातिमा यांचे हात जाते ओढून ओढून दुखावले होते. त्या वडिलांकडे नोकर मागायला गेल्या आणि त्यांना झोपण्यापूर्वी म्हणायला सुब्हानल्लाह (अल्लाह पवित्र आहे) ३३ वेळा, अल्हम्दुलिल्लाह (सर्व स्तुती अल्लाहची) ३३ वेळा आणि अल्लाहु अकबर (अल्लाह सर्वांत मोठा) ३४ वेळा मिळाले. दळण तसेच राहिले. जात्यावर बसून विठ्ठलाला हाक मारणाऱ्या बायांच्या भाषेत याचा अर्थ समजावून सांगावा लागू नये.

अम्मीचे तीन रोजे चिखल काढण्याच्या आठवड्यातच पुरे झाले. काकूंच्या सत्यनारायणाचा प्रसाद आमच्याकडेही आला. माझी मशिदीतली फज्र सतरा दिवस टिकली. नंतर कामाचा ताण, नंतर नुसतीच झोप. मनातल्या मनात म्हटलेल्याची नज्र होत नाही, ती उच्चारावी लागते, असे मौलानांनी सांगितले तेव्हा मला जी सुटका वाटली, ती दहाव्या सूरहच्या त्या आयतीतल्या माणसाचीच होती. आता आठवड्यातून तीन-चार दिवस जातो.

आता तुमच्या सहकाऱ्याविषयी. तुम्ही चौकशी केलीत की ते बहुधा आधी ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणतील आणि मग तब्येतीचे सांगतील. तुम्ही ‘ऐकून फार बरे वाटले’ एवढे म्हणालात तरी पुरे आहे. अरबी शब्द शोधत बसू नका. त्यांनी पेढे आणले तर निःसंकोच घ्या. मात्र त्यांनी बकऱ्याची नज्र केली असेल आणि त्याचे मटण तुमच्यापर्यंत आले नाही, तर वाईट वाटून घेऊ नका. हनफी नियमाप्रमाणे नज्रचे अन्न गरिबांचेच असते. ते खुद्द त्यांनाही चाखता येणार नाही.