बिनसिमेंटचा खुबा : पाच-दहा वर्षांनी काय होतं?

ताई, भावाला बेचाळिसाव्या वर्षी एव्हीएनमुळे (रक्तपुरवठा तुटून खुब्याचं हाड मरतं तो आजार) खुबा बदलायला सांगितलाय, आणि मावशींना सिमेंटचा बसवला असताना याला बिनसिमेंटचा, म्हणजे हाडात सिमेंट न भरता बसवलेला, का, तो पाच-सात वर्षांत ढिला होईल का, अशी तुमची धास्ती आहे. माझ्या उजव्या बिनसिमेंटच्या खुब्याला नऊ वर्षं झाली, म्हणून सविस्तर लिहितो.

मावशींशी तुलना नको. उतारवयात, ठिसूळ हाडात दांडा (कृत्रिम सांध्याचा मांडीच्या हाडात जाणारा धातूचा भाग) ठोकून बसवताना किंवा नंतर हाड मोडण्याची भीती जास्त असते. तिथे सिमेंट बरं. भावाचं हाड तरुण आहे, आणि हा सांधा हाडाच्याच जोरावर टिकतो. दांडा आणि कमरेच्या हाडात बसणारी वाटी यांचा पृष्ठभाग खडबडीत, सच्छिद्र असतो. साधारण सहा ते बारा आठवड्यांत हाड त्यात वाढतं आणि धातूला धरतं. त्या काळात दांड्याची हालचाल ५० मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत राहिली तर हाड रुजतं. १५० च्या पुढे गेली तर तिथे हाडाऐवजी तंतुमय पेशीजाल तयार होतं, आणि असा दांडा पुढे त्रास देतो. म्हणून वजन किती टाकायचं ते त्याचे सर्जन सांगतील तेवढंच. शेजारच्या खाटेवरचा पेशंट दुसऱ्या दिवशी काठीवर चालला, तरी त्याचं बघून काही करायचं नाही.

मला सुरुवातीचे काही महिने मांडीच्या मध्यावर, दांड्याच्या टोकापाशी दुखायचं. फार घाबरलो होतो. वर्षभरात ते गेलं, बहुतेकांचं जातंच. दुखणं वाढत गेलं, किंवा थांबून पुन्हा सुरू झालं, तर मात्र लगेच दाखवा.

आता तुमचा खरा प्रश्न. हाडाने एकदा धरलेला दांडा सहसा सोडत नाही. मधल्या वर्षांत लक्ष ठेवायचं ते वाटीतल्या प्लास्टिकच्या अस्तरावर, म्हणजे लायनरवर. त्याच्या झिजेचे बारीक कण पडतात, शरीर त्यांच्यावर तुटून पडतं आणि त्यात आसपासचं हाड विरघळतं. जुन्या पॉलिथिलीनमध्ये, म्हणजे लायनरच्या प्लास्टिकमध्ये, झीज वर्षाला ०.१ मिलिमीटरच्या वर गेली की हा धोका वाढायचा. १९९० च्या दशकाच्या अखेरीस क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीन (रेणू एकमेकांना जोडून चिवट केलेलं) आलं आणि झीज खूपच कमी झाली. भावाला कोणतं लायनर बसवणार, हे आधीच विचारा.

हाड विरघळतं तेव्हा बरेच दिवस काहीच दुखत नाही. चौथ्या वर्षानंतर मी दोन वर्षं एक्स-रेला गेलो नाही, कारण छान चालत होतो. माझं नशीब, काही निघालं नाही. पण भावाला ती चूक करू देऊ नका.

इम्प्लांटबद्दल, म्हणजे बसवणार त्या कृत्रिम सांध्याबद्दलही विचारा. ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्यविषयक मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने २०१४ मध्ये निकष घातला, की १० वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचं प्रमाण ५ टक्के किंवा त्याहून कमी असावं. भावाच्या इम्प्लांटची नोंद या निकषात बसते का, ते सर्जनना सरळ विचारा. चांगला सर्जन रागावत नाही. इम्प्लांटचे स्टिकर फाइलमध्ये जपून ठेवा. बेचाळिसाव्या वर्षी बसवलेला सांधा आयुष्यात केव्हातरी पुन्हा उघडावा लागू शकतो, आणि त्या वेळच्या सर्जनला आत नेमकं कोणत्या मापाचं काय आहे ते त्यावरूनच कळेल.